धुराड्यातले देव आणि नानांची हरकत

जुना गंगापूर नाका, नाशिक
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप नानांस,

धाकट्या सरोजिनीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने अर्ध्या वाटेतच नकार दिल्यामुळे प्रत्यक्षात तो निम्माच घातला आहे. उरलेला निम्मा मनाने घातला असे समजून आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा.) तुमची प्रकृती कशी आहे? वहिनींच्या डोळ्याचे टाके निघाले का? पुण्यात तुमच्या अकराव्या मजल्यावर पाणी नीट चढते का? इकडे मी ठीक आहे, नेहमीपेक्षा जरा जास्तच ठीक आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता. पत्रात मधे बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे. आता पुढे वाचण्यापूर्वी ब्लडप्रेशरची गोळी घेतली नसेल तर घ्या. मी थांबते.

घेतली? मग ऐका. आपला बंगला शहराच्या वारसा यादीत लागला. श्रेणी दोन. तुमची सव्वाचार पानी हरकत समितीने वाचली, तिच्या अक्षराचे कौतुक केले आणि ती फेटाळली. आता हे घर पाडता येत नाही, विकून त्याजागी चौदा मजले उभे करता येत नाहीत, आणि तुमच्या त्या सोनेरी फ्रेमचा चष्मा लावणाऱ्या बिल्डरने मला दाखवलेला सातव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट (तुळस ठेवायला गॅलरीत 'खास कोपरा', म्हणजे एसीचे पाणी गळते तिथे) तो आता दुसऱ्या कुणाला तरी, दुसऱ्या कुठल्या तरी जागेवर दाखवेल. मी जिंकले, नाना. थोरल्या भावापुढे असे म्हणू नये हे मला कळते, म्हणून एकदाच म्हणते आणि पुढे जाते. मी जिंकले.

आता हरकतीतल्या तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे वळते. 'सदर इमारतीस कोणतेही ऐतिहासिक महत्त्व नाही.' तुम्ही सिव्हिल इंजिनियर, चाळीस वर्षे धरणे बांधलीत, तुमच्या दृष्टीने ज्यात पाणी अडत नाही ते बांधकामच नव्हे हे मी समजू शकते. पण हे घर बांधणारा प्रिचर्ड साहेबही तुमच्याच जातीचा, म्हणजे कालव्यावरचा इंजिनियर होता. १८८७ साली त्याने ते बांधले. काळा दगड इथल्याच खाणीतला, साग सुरगाण्याकडच्या जंगलातला, आणि बाकी सगळे त्याच्या डोक्यातले इंग्लंड. म्हणून उतरती टोकदार छपरे (तिकडे बर्फ घसरून पडावे म्हणून असतात, इथे चिंचेची पाने घसरतात), छपराच्या कडेने लाकडाची कातीव झालर, रस्त्याच्या बाजूला पोट पुढे काढलेली खिडकी, व्हरांड्यात ओतीव लोखंडाचे सहा खांब, दारांवर रंगीत काचा, आणि दिवाणखान्यात फायरप्लेस. नाशकात! नाशकात वर्षातून सहा दिवस बरी थंडी पडते आणि त्या सहा दिवसांतही आपण स्वेटर घालून आइस्क्रीम खातो. पण साहेबाला घराची आठवण येत असणार. छत अठरा फूट उंच ठेवले, म्हणजे उकाडा वर जाईल. आणि त्याच उकाड्यात बसून पेटवायला फायरप्लेस बांधली. न्हाणीघराला मागून वेगळे दार आहे ते पाणी भरणाऱ्यासाठी, तो साहेबाला दिसू नये म्हणून. समितीच्या लोकांनी ते दार फार वेळ बघितले. घर सुंदर आहे म्हणून त्यातले सगळे काही शोभेचे नसते, असे त्यांच्यातले एक जण म्हणाले, आणि मला ते पटले.

मग १९४६ साली आजोबांनी, म्हणजे चांदवडकर वकिलांनी, ते घेतले. सावित्रीबाई आजीने उंबरठ्यावर माप ओलांडल्यासारखा पाय ठेवला, दिवाणखाना बघितला, भिंतीतले ते दगडी भोक बघितले आणि विचारले की हे काय. आजोबा म्हणाले, यात साहेब लाकडे जाळायचा, वर धुराडे आहे, धूर त्यातून बाहेर जातो. आजीने क्षणभर विचार केला आणि तिथल्या तिथे ठरवले, की ज्या कोनाड्यातला धूर आपोआप वर जातो तो देवाने मुद्दाम देवघरासाठीच करून ठेवला आहे. धूप लावा, कापूर लावा, उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावा, घरात खोकला नाही. सुताराला बोलावून आत तिन्ही बाजूंनी सागाच्या फळ्या ठोकल्या, त्यांवर लाल कापड, मधोमध देव्हारा, पुढे दोन दारे. धुराडे असलेले देवघर अख्ख्या नाशकात आपलेच. आणि आजीने रीत घालून दिली की रोजची पूजा कुणीही करावी, पण देव्हारा जागेवरून हलवायचा तर घरातल्या थोरल्या मुलाच्याच हाताने. ती रीत लक्षात ठेवा. तुमच्या हरकतीच्या मुळावर तीच आली.

तर समितीचे पत्र आले की अमुक तारखेला पाहणीला येत आहोत. तुम्ही चेष्टा कराल, पण माझी अवस्था मुलीला बघायला येणार आहेत म्हटल्यावर आईची होते तशी झाली. घर कसे दिसतेय? झालरीचा रंग उडालेला, दगडावर शेवाळे, खांबांना गंज, भिंतींना पोपडे. पाहुणे येणार आणि आपण असे पारोसे? मी रहेमानभाईंना बोलावले. (तुम्हाला आठवत असतील, त्यांचे वडील आपल्याकडे रंग द्यायला यायचे तेव्हा तुम्ही त्यांच्या शिडीवर चढून पडला होतात.) म्हटले, रहेमानभाई, आठ दिवसांत घर असे करून द्या की समितीचे डोळे दिपले पाहिजेत. त्यांनी बादली खाली ठेवली, घराकडे एकदा बघितले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, जुनं बघायला येऊन राहिले ना ते लोक? मग नवं कशाला करायचं?"

नाना, माणसाला आयुष्यात शहाणपणाचा सल्ला फार वेळा मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा तो ऐकण्याइतके शहाणपण जवळ नसते. मी म्हटले, तुम्हाला कळत नाही, पाहुणे कोणीही असोत, पोतेरे न फिरवता कोणी पाहुण्यांना घरात घेते का? ते बिचारे कामाला लागले. भिंतींना पिस्ता कलर. झालरीला, दारांना, खिडक्यांना चॉकलेटी ऑइलपेंट, दोन हात. लोखंडी खांबांना सोनेरी. आणि बाहेरच्या काळ्या दगडाला (हे मी स्वतः डोके लढवून सुचवले) काळा ऑइलपेंट, आणि दगडांच्या सांध्यांवरून पट्टी धरून पांढऱ्या रेघा. देवळाला काढतात तशा, सरळसोट. साहेबाने बसवलेले दगड जिथे कमीजास्त होते तिथे आम्ही रेघेने ते सारखे करून घेतले. दाराच्या पितळी मुठी काढून चकचकीत स्टीलच्या बसवल्या. घर असे झळकायला लागले, की रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, हॉल कधीपासून भाड्याने देणार?

राहिले देवघर. आतून एक हात मारून घ्यावा असे माझ्या मनात होते, फळ्या नव्या ठोकाव्यात, मागे टाइल्स बसवाव्यात, गणपतीच्या नक्षीच्या. पण रहेमानभाई म्हणाले की घरच्या माणसाने देव्हारा हलवल्याशिवाय ते आत ब्रश लावणार नाहीत, त्यांच्या वालिदांनीही कधी लावला नव्हता. म्हणून मी तुम्हाला फोन केला. तो फोन तुम्हाला आठवत असेल. मी म्हटले, नाना, एका दिवसासाठी या, देव्हारा तेवढा उचलून बाजूला ठेवा आणि जा. आणि तुम्ही जे म्हणालात ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे. तुम्ही म्हणालात, "ज्या घराविरुद्ध मी हरकत घेतली आहे, त्याच घराचे देव हलवायला मी येणं तत्त्वात बसत नाही." मग वहिनींनी फोन घेऊन सांगितले की तत्त्वाचे सोडा, त्यांना टोलनाक्यावर चक्कर येते. काहीही असो, तुम्ही आला नाहीत. मी फार चिडले. चार वर्षे झाली तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत, आणि देवासाठीही येणार नाही म्हणता! देवघर तसेच राहिले, जुने, काजळलेले, पंचाहत्तर वर्षांच्या धुराने काळेकुट्ट. मी त्याची दोन्ही दारे लावून घेतली, म्हणजे समितीला दिसायला नको.

समिती आली. तिघे होते. दोघे पोक्त गृहस्थ, आणि तिसरी अपूर्वा नावाची मुलगी, जुन्या इमारती जतन करण्याचे शिक्षण घेतलेली, तिशीची, गळ्यात कॅमेरा, पायात मळके बूट. मी पोर्चमध्ये रांगोळी काढली होती, दाराला तोरण, आत पोहे तयार. अपूर्वा फाटकातून आत आली आणि थबकली. मला वाटले, दिपली. मग ती सावकाश चालत दगडी भिंतीपाशी गेली, एका पांढऱ्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "आजी, हे कधी केलंत?" मी अभिमानाने सांगितले, परवाच, अजून वास येत असेल बघा. ती पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी डोके धरले. पायरीचा रंगही ओला होता, हे मला सांगायचे सुचले नाही.

मग ते दोघे गृहस्थ घरभर फिरले. काचांच्या कडांवर चॉकलेटी शिंतोडे, सोनेरी खांब, स्टीलच्या मुठी. त्यांच्यातले जे थोरले होते, पांढरा सफारी घातलेले, त्यांनी फाइल उघडून तुमची हरकत बाहेर काढली आणि मोठ्याने वाचली. 'इमारतीचे मूळ स्वरूप शिल्लक राहिलेले नाही. दिवाणखान्यातील फायरप्लेस पंचाहत्तर वर्षांपूर्वीच नष्ट करून तेथे देवघर बांधण्यात आले आहे.' वाचून ते म्हणाले की हरकत घेणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून दिसते. नाना, तुम्ही पुण्यात बसून लिहिलेले खोटे मी इथे आठ दिवस खपून, रंगाचे डबे आणून, स्वतःच्या हाताने खरे करून ठेवले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. मला तेव्हा दिसले की आता हे जातील, हरकत मान्य झाल्याचा कागद येईल, आणि मग रोज तुमचा फोन येतच राहील, आणि रोज मी 'नाही' म्हणेन, आणि ते 'नाही' म्हणायचे बळ एक दिवस संपेल. खरे सांगते, ते आधीच संपत आले होते. मी या घरात जन्मले, पोस्टातली नोकरी इथून केली, आई-दादांचे शेवटचे दिवस इथे काढले. दुसरीकडे कुठे सकाळी उठून कुठल्या बाजूला वळायचे हे मला माहीतच नाही.

रडू त्यांच्यासमोर नको म्हणून मी देवघराची दारे उघडली आणि उगाच उदबत्ती लावायला बसले. दोनऐवजी पाच लावल्या. (संकटात हात सैल होतो.) अपूर्वा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, बहुतेक काहीतरी गोड बोलून निरोप घ्यायला. ती उदबत्त्यांकडे बघत राहिली, मग एकदम म्हणाली, "आजी, धूर कुठे जातोय?"

मी म्हटले, कुठे म्हणजे, वर. धुराड्यातून. पावसाचे पाणी येऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी आहे, पण धूर जातो. ती म्हणाली, म्हणजे धुराडे आतून चालू आहे? फायरप्लेस बुजवली नाही? मी म्हटले, बुजवायची कशाला, आजीने तर धुरासाठीच ही जागा घेतली. अपूर्वाने बाकीच्या दोघांना हाक मारली ती अशी, की शेजारची चांगुणासुद्धा पोळी तव्यावर टाकून धावत आली. देव्हारा हलवा, म्हणाली. मी म्हटले ते होणार नाही, तो हलवायचा हक्क फक्त आमच्या नानांचा, आणि नाना तत्त्वात अडकले आहेत. मला वाटले ती हसेल. पण तिने नुसती मान हलवली, विचारले की बाजूची एक फळी काढली तर रीत मोडते का. मी आजीला मनातल्या मनात विचारले. आजीने फळीबद्दल काही सांगून ठेवलेले नव्हते.

रहेमानभाई स्टीलच्या मुठींचे स्क्रू आवळायला आलेलेच होते. त्यांनी चौकटीजवळची एक फळी, खिळा न वाकवता, अलगद सोडवून काढली. आत अंधार. ते पांढऱ्या सफारीतले गृहस्थ मोबाइलची बॅटरी घेऊन वाकले, मग गुडघ्यांवर टेकले, आणि शेवटी नीट दिसेना तेव्हा देवघरापुढे सपशेल पालथे पडले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे की समितीने आमच्या देवाला लोटांगण घातले. मी मुकाट्याने घंटा वाजवली, वाजवावीशी वाटली म्हणून. आतून त्यांचा आवाज आला, निळ्या फुलांच्या टाइल्स आहेत. मग म्हणाले, पूर्ण ओळ आहे, एकही फुटलेली नाही. मग लोखंडी जाळी, मग त्यावर ओतलेले साल, अठराशे सत्त्याऐंशी, आणि दगडावर प्रिचर्ड साहेबाची आद्याक्षरे. आणि कडेला साहेबाच्या वेळचा चुन्याचा गिलावा, त्याचा मूळ गेरूसारखा रंग, जसाच्या तसा. पाऊणशे वर्षे त्याला कुणाचा हात लागलेला नाही, कारण पाऊणशे वर्षांत देव्हारा हलवायला कुठल्याच थोरल्या मुलाला सवड झाली नाही. आजोबांना कोर्ट होते, दादांना दमा होता, आणि तुम्हाला तत्त्व.

कळले ना आता? तुम्ही त्या दिवशी आला असतात, तर देव्हारा निघाला असता, फळ्या निघाल्या असत्या, त्या निळ्या फुलांवर मी हौसेने गणपतीच्या टाइल्स बसवल्या असत्या आणि बाकीच्यावर पिस्ता कलर. तुमची हरकत शब्दन् शब्द खरी ठरली असती. तुम्ही आला नाहीत म्हणून घर वाचले. मी समितीला तसे लेखी कळवले आहे. अपूर्वा म्हणाली की बाकीचा रंग निघतो, दगडावरचाही आणि लाकडावरचाही, वेळ लागेल पण निघतो. खाली घर शाबूत आहे. आणि देव तिथेच राहतील, कारण पाऊणशे वर्षांचे देवघर हाही या घराचा इतिहासच आहे, असे तिने अहवालात लिहिले. मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. सफारीवाल्यांनी दोनदा घेतले, त्यांच्या पोटावर काजळी होती.

पांढऱ्या रेघा आता रहेमानभाईच खरवडून काढत आहेत. रोज सकाळी येतात, एक रेघ काढतात, माझ्याकडे बघतात आणि काहीही बोलत नाहीत. हे ते मुद्दाम करतात. जुन्या पितळी मुठी त्यांनी एका पोत्यात नीट ठेवल्या होत्या. त्या परत बसल्या. घर पुन्हा जुने दिसायला लागले आहे आणि मला फार बरे वाटते आहे.

वहिनींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद. बिल्डरला काही सांगू नका, त्याला समिती सांगेल. तुमचे अक्षर खरोखरच अजून सुरेख आहे.

तुमची आज्ञाधारक (आज्ञा दिल्यास),
सरोजिनी

ता. क. – वारसा यादीतल्या घराचे काही नियम असतात, त्यांतला एक कळवायचा राहिला. नियम सात, पोटकलम ब: घर दोन मालकांच्या नावावर असल्यास दोघांनीही वर्षातून किमान तीन महिने त्यात राहिले पाहिजे. न राहिल्यास श्रेणी जाते. तुम्ही नियमाला धरून चालणारे आहात म्हणून कळवले.

आणखी ता. क. – वहिनींना जिना नको म्हणून खालची, पोट काढलेल्या खिडकीची खोली झाडून घेतली आहे. त्या खोलीत ऊन सकाळी येते आणि अकराला निघून जाते, डोळ्यांना त्रास नाही. टोलनाक्यावर चक्कर येत असेल तर रेल्वेने या.

शेवटचे ता. क. – असा काही नियम नाही. अपूर्वाला विचारत बसू नका, तो मीच आज दुपारी केला. निकाल लागून सोळा दिवस झाले, नाना, आणि तुमचा एकही फोन नाही. भांडण चालू होते तेव्हा रोज साडेआठला यायचा. तेव्हा मी फोन आपटायचे, पण साडेआठ कधी वाजतात म्हणून घड्याळही बघायचे. अकरा खोल्या वाचवल्या मी, आणि दहांत कुणी नाही. या.